मिरजेचे खाँसाहेब: गवई आणि मास्तर

उस्तादांबद्दल आपल्याकडे एक ठरलेली गोष्ट सांगितली जाते. उस्ताद गळ्याने थोर, पण अक्षरशत्रू. विद्या छातीशी धरून बसणारा. मुलगा, पुतण्या, जावई यांच्याबाहेर एक चीजही न देणारा. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकलेसवरलेले लोक आले, त्यांनी शाळा काढल्या, पुस्तके छापली आणि संगीत वाचवले. ही गोष्ट अगदीच खोटी आहे असे मी म्हणणार नाही. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. भातखंड्यांनी हिंडून हिंडून हजारो चिजा गोळा केल्या. दोघांचे काम डोंगराएवढे आहे. पण या गोष्टीत मुसलमान उस्तादाच्या वाट्याला फक्त गळा येतो, डोके येत नाही. मी पेशाने शिक्षक आहे, उर्दू आणि मराठी शिकवतो. म्हणून मला अब्दुल करीम खाँसाहेबांची कारकीर्द वेगळ्या बाजूने पाहावीशी वाटते.

खाँसाहेब १८७२ साली उत्तरेतल्या कैराना गावी जन्मले. गाव गवई आणि सारंगियांचे. स्वतः खाँसाहेब गायचे, सारंगी जाणायचे, बीन वाजवायचे. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात आले. तिथे सरदार माने यांच्या घरातल्या ताराबाईंशी त्यांचे सूर जुळले आणि दोघांना बडोदे सोडावे लागले. पुढे मिरज हे त्यांचे गाव झाले. प्लेगच्या दिवसांत जिवावरचे दुखणे ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यातल्या दुआने टळले, अशी आठवण मिरजेत सांगतात. ती ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावी. त्यांची दर्ग्यावरची निष्ठा मात्र शेवटपर्यंत टिकली.

तेव्हा आजचा सांगली जिल्हा नव्हता. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने, शेजारी इंग्रजी अमलातला सातारा जिल्हा. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. खाँसाहेबांच्या आयुष्यातला जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो याच पट्ट्यात घडला.

कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. बावीस श्रुती नेमक्या कुठे पडतात, हे तारेची लांबी मोजून ठरवायचा त्यांना ध्यास होता. १९१० मध्ये त्यांनी यावर इंग्रजीत पुस्तक काढले. अर्नेस्ट क्लेमेंट्स नावाचे न्यायखात्यातले इंग्रज अधिकारी त्यांना मिळाले आणि १९११ मध्ये साताऱ्यात फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया उभी राहिली. आता मोजायचे तर मोजण्याजोगा सूर हवा. तो सूर लावून दाखवायला देवलांनी खाँसाहेबांना गाठले. एक ब्राह्मण अधिकारी, एक इंग्रज अंमलदार आणि एक मुसलमान गवई, तिघे मिळून एका तारेवर डोके खाजवत आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहा.

प्रश्न साधा वाटतो, पण खोल आहे. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्यातून षड्जाबरोबर पंचमही निघतो आणि कान लावला तर गंधारही ऐकू येतो. हा स्वयंभू गंधार. हार्मोनियमची पट्टी मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेली असते. त्यामुळे तिचा गंधार या स्वयंभू गंधारापेक्षा थोडा चढा असतो. दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भाग. ऐकायला किरकोळ वाटेल, पण तंबोऱ्यात मिसळून गाणाऱ्याला तो खड्यासारखा लागतो. देवल आणि क्लेमेंट्स यांनी श्रुतींची हार्मोनियमही बनवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत भातखंड्यांच्या बाजूने या मांडणीला कडाडून विरोध झाला. वाद कोण जिंकले, हा माझा मुद्दा नाही. ज्याला अक्षरशत्रू म्हणून बाजूला ठेवतात, तो माणूस या वादात प्रयोगशाळेतल्या जाणकारासारखा उभा होता, हा मुद्दा आहे.

त्यांच्या या कानाला मिरजेचा शेजारही मानवला असणार. मिरजेतले शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. राज्ये गेली, तलवारींचे काम संपले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंबोरे आणि सतारी बनवायला सुरुवात केली आणि त्यांच्या वंशजांचे आडनावच सतारमेकर झाले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणायचे, वाळवायचे, कापायचे, घोडी घासून जवारी काढायची. खाँसाहेब स्वतः वाद्यांच्या दुरुस्तीत वाकबगार, दौऱ्यावर जाताना हत्यारांची पेटी बरोबर ठेवणारे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. धार लावणाऱ्या हातांचे हे कौतुक आपल्या मुलांना कळायला हवे.

१९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. नाव पाहा, कुणी ठेवले तेही पाहा. गरीब शागिर्द त्यांच्याच घरी राहायचे, जेवायचे, शिकायचे. जलसे करून पैसा उभा करायचा आणि तो शाळेत घालायचा. त्यांच्या शागिर्दांत कुंदगोळचे रामभाऊ म्हणजे सवाई गंधर्व होते, रोशनआरा बेगम होत्या. सवाई गंधर्वांकडे पुढे गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी आणि पारशी कुटुंबातले फिरोज दस्तूर शिकले. छातीशी धरून ठेवलेली विद्या इतक्या घरांत कशी जाईल? आणि खाँसाहेबांचे मोठे मराठी चरित्र लिहिले तेही एका शागिर्दानेच, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी.

शिकण्यातही त्यांना कमीपणा वाटला नाही. म्हैसूर दरबारच्या निमित्ताने ते दक्षिणेत गेले, तिथले संगीत मन लावून ऐकले आणि त्यागराजांची कृती ध्वनिमुद्रित केली. त्यांच्या सरगमवर दक्षिणेची छाप आहे, असे जाणकार मानतात.

घरात मात्र वादळ झाले. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई बडोदेकर झाल्या, सकीना सरस्वती राणे झाल्या. महाराष्ट्राने या भावंडांना डोक्यावर घेतले. नावे बदलली, तरी सूर लावण्याची पद्धत त्याच घराची राहिली. कुणी याला मुले दुरावल्याचे दुःख म्हणेल, कुणी दोन समाजांच्या मिलाफाची कहाणी. मला वाटते दोन्ही खरे आहे आणि एक सांगताना दुसरे झाकू नये.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना सिंगपेरुमाळ कोविल या लहानशा स्टेशनवर खाँसाहेबांचे निधन झाले. शेवटच्या घटकेला त्यांनी नमाज पढली आणि दरबारीच्या सुरांत कलमा म्हटला, असे सांगतात. त्यांचा दफनविधी मिरजेत, दर्ग्याच्या आवारात झाला. तेव्हापासून उरुसात त्यांच्या स्मृतीसाठी संगीत सभा होते आणि देशभरचे कलावंत तिथे हजेरी लावून जातात.

आपल्यातले काही भाऊ विचारतील, दर्ग्यात गाणे कशाला? संगीत जायज की नाजायज, हा वाद आपल्याकडे शतकानुशतके चालू आहे आणि तो सोडवण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. पण वाद घालतानाही आपल्याच एका थोर शिक्षकाचे नाव घरातून पुसले जाऊ नये, एवढी विनंती आहे. आणि जे बिगरमुस्लीम वाचक किराणा घराण्यावर जीव टाकतात, त्यांनाही एक सांगणे आहे. भीमसेनजींच्या सुराचा माग काढत निघालात तर वाट कुंदगोळवरून मिरजेला येते, दर्ग्याच्या आवारातल्या त्या कबरीपाशी. यंदाच्या उरुसात या, बसा, ऐका. सभा सुरू होण्याआधी तंबोरे जुळवत असतील तेव्हाच पोहोचा. तो स्वयंभू गंधार तिथे चांगला ऐकू येतो.