वर्तुळाची वाटणी

वर्तुळाचे समान भाग पाडणे शाळेत इतके सोपे करून शिकवितात की, त्याला काही इतिहास असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. मला ती आली कोल्हापूरजवळच्या शिरोलीत, एका फाऊंड्रीच्या कचेरीत. माझा भाचा तेथे संगणकावर पंपाच्या इंपेलरचे चित्र काढीत होता. पाती सात. त्याने वर्तुळ निवडले, भाग पाडण्याची आज्ञा दिली, 7 चा आकडा टाकला. निमिषात सात ठिपके उमटले. "मामा, त्यात काय एवढं?" तो म्हणाला.

पुढच्या रविवारी मी त्याला खिद्रापुरी नेले. तेथील कोपेश्वराचे देऊळ बाराव्या शतकातले, शिलाहारांच्या काळचे. स्वर्गमंडपाचे छत मध्यभागी वर्तुळाकार उघडे. त्या गोल आभाळाभोवती बारा खांब. बारांची वाटणी एका दोरीत मावते. ज्या दोरीने वर्तुळ आखले, तीच परिघावर ताणून टाकीत गेले की बरोबर सहा टप्प्यांत आपण मूळ जागी येतो. टप्पे दुभागले की झाले बारा.

"आणि सात खांब हवे असते तर?" मी विचारले. भाचा गप्प. दोरी येथे हरते. नुसत्या पट्टी-कंपासने वर्तुळाचे सात समान भाग कधीच पडणार नाहीत, हे फ्रेंच गणिती वांत्झेलने 1837 साली सिद्ध केले.

भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास 'लीलावती'त आकड्यांचा आश्रय घेतला. व्यास 120000 धरला, तर सहा भागांची बाजू 60000, आठांची 45922 आणि सातांची 52055. हा शेवटचा आकडा आजच्या हिशेबाने 11 नी कमी भरतो. पण मीटरभर व्यासाच्या वर्तुळावर त्या मापाने सात टप्पे टाकले, तरी अखेरीस उरणारी फट मिलिमीटरहून कमी!

खिद्रापूरच्या देवळात देवगिरीच्या सिंघण यादवाचा शिलालेख आहे. याच सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला. म्हणजे बारांची दोरी आणि सातांचा आकडा एकाच राजाच्या छत्राखाली नांदत होते.

भाच्याचे यंत्रही सातांची वाटणी अंदाजानेच करते. फक्त त्याचा अंदाज दशांशचिन्हापुढे पुष्कळ दूर जातो. ते दोरीच्या नव्हे, भास्कराचार्यांच्या घराण्यातले. आणि घराणे म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला समजावून सांगावे लागत नाही.