एकत्र कुटुंब आणि भागीदारीची पेढी

बीड जिल्ह्याच्या बाजारपेठांत पेढीच्या पाटीवर बहुधा वडील-आजोबांचे नाव असते आणि गल्ल्यावर मुले-नातू बसतात. घर एक, चूल एक, तिजोरी एक. म्हणून सारे कुटुंबच भागीदार, असा समज रूढ झाला. १९२२ च्या आयकर कायद्याने एकत्र कुटुंबाला स्वतंत्र करदाता मानल्याने तो दृढ झाला. भागीदारीच्या कायद्याची दृष्टी मात्र निराळी आहे.

१९३२ चा भारतीय भागीदारी कायदा १९५१ साली हैदराबाद राज्यात, आणि म्हणून तेव्हा त्यात असलेल्या बीडमध्येही, लागू झाला. कलम ५ नुसार भागीदारी कराराने निर्माण होते, जन्माने नव्हे. भगतराम मोहनलाल पेढीच्या खटल्यात १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कर्त्याने परक्याशी भागीदारी केली तरी कुटुंबातील इतर व्यक्ती आपोआप भागीदार होत नाहीत. पेढीत भागीदार एकटा कर्ता. नफ्याचा हिशेब मात्र त्याने कुटुंबाला द्यावयाचा. कर्ता निवर्तल्यास, करारात तजवीज नसेल तर कलम ४२ प्रमाणे भागीदारी विसर्जित होते. मग चालत्या दुकानावर कुटुंबाचा अधिकार उरतो तो हिशेबापुरताच.

जैन कुटुंबांनाही वारसाहक्काचा हिंदू कायदाच लागू आहे. २०१४ साली मिळालेल्या अल्पसंख्याक दर्जाने त्यात फरक पडला नाही. २००५ च्या दुरुस्तीने मुलीही जन्मतः सहदायाद झाल्या. हिशेब मागण्याचा अधिकार त्यांनाही आला.

म्हणून कर्ता कोणाच्या वतीने भागीदार झाला, भांडवल कोणाचे आणि त्याच्या पश्चात कोण, हे भागीदारीपत्रात वेळीच लिहून ठेवणे हेच पेढीचे व घराच्या ऐक्याचे खरे रक्षण होय.