मूठभर जोंधळ्याचा हिशेब

पोस्ट जरा मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

तालुक्याच्या गावात पत्रकारिता करताना दर आठवड्याला एक प्रेसनोट हमखास येते. अमुक संस्थेतर्फे गरजूंना वाटप. फोटोत देणारे आठ, घेणारा एक. वर्षभराने त्याच वस्तीत गेलो की शिवणक्लास बंद, अभ्यासिकेला कुलूप. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "फंड संपला."

अशा वेळी मला कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात.

1919 साली कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 ला कारभार साताऱ्यात आला आणि वसतिगृह सुरू झालं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवायची. 1927 मध्ये गांधीजी आले आणि त्यांच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. नाव मोठं झालं, पण रोजच्या भाकरीचं काय? लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रसुद्धा. पण एका घरातलं सोनं किती दिवस पुरणार?

मग उपयोगी पडला मुष्टी फंड. बायकांनी दळायला बसताना एक मूठ धान्य बाजूला काढायचं. ते गोळा करून बोर्डिंगात आणायचं. याच्या जोडीला 'कमवा आणि शिका'. पोरांनी शेतात राबायचं, विहिरी खणायच्या, स्वयंपाक करायचा. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य नुसतं भिंतीवर रंगवायला नव्हतं.

आता कुणी म्हणेल, मूठभर जोंधळ्यावर संस्था चालते का? नाही चालत. भाऊरावांनी संस्थानिकांची मदत घेतली, धनिकांची घेतली, सरकारी अनुदानही घेतलं. ते काही भाबडे नव्हते. ओगले काच आणि किर्लोस्करांचा नांगर विकत गावोगाव फिरलेला माणूस तो. पैसा कुठून येतो आणि कधी आटतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

त्या मुठीची खरी किंमत पुढे कळली. गांधीहत्येनंतर भाऊरावांनी गांधीजींच्या स्मरणार्थ 101 हायस्कुलं काढायचा संकल्प सोडला. त्याच सुमारास सरकारशी बिनसलं आणि अनुदान थांबलं. दुसरी एखादी संस्था तिथेच मोडली असती. रयत मोडली नाही, कारण लोक धावून आले. पुढे सरकारला अनुदान पुन्हा सुरू करावं लागलं.

ज्या बाईने रोज मूठ बाजूला काढली, तिच्यासाठी बोर्डिंग कुणाची मेहेरबानी नव्हती, ते तिचं होतं. आपलं धान्य कुठे गेलं, हे विचारायचा हक्क तिला होता. आज 'लाभार्थ्या'ला तो हक्क आहे का?

रयतचं बोधचिन्ह वडाचं झाड. वड एका खोडावर उभा राहत नाही, त्याच्या पारंब्या जमिनीत उतरतात आणि त्याच पुढे खोड होतात. गरिबी हटवायला निघालेल्या प्रत्येक संस्थेने स्वतःला एवढंच विचारावं, मोठा देणगीदार उद्या उठून गेला, तर आपल्याला धरून ठेवणाऱ्या पारंब्या किती?

तुमच्या गावात अशी एखादी संस्था असेल तर कमेंटमध्ये जरूर सांगा. बातमी करायला मी येतो. फोटोत घेणारे जास्त आणि देणारे कमी असले तरी चालतील.