रुग्णाशेजारची दुसरी खाट

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण मनोरुग्णालयांच्या इतिहासाबद्दल बोललो. शेवटी एका बाईंनी विचारलं, "या सगळ्या इतिहासात घरची माणसं कुठं आहेत?" वेळ संपल्याचं सांगून आम्ही तो प्रश्न टाळला. खरं तर वेळ होता, उत्तर तयार नव्हतं. त्या बाई मात्र खरोखरच घाईत होत्या. सासऱ्यांपाशी शेजारणीला बसवून आल्या होत्या. आज त्यांचंच उत्तर देऊ या.

सुरुवात फ्रँकफर्टपासून करावी लागेल. २५ नोव्हेंबर १९०१ ला तिथल्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. ज्यांना आपण अल्झायमर म्हणतो ते डॉक्टर तिला रोज प्रश्न विचारत आणि ती काय बोलली ते टिपून ठेवत. तिला स्वतःचं नावही धड लिहिता येईना. ८ एप्रिल १९०६ ला ती वारली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युबिंगेनच्या सभेत अल्झायमरनी तिच्या मेंदूविषयी निबंध वाचला आणि १९१० साली क्रेपेलिननी रोगाला त्यांचं नाव दिलं. हे सगळीकडे छापलेलं आहे. तिचा नवरा रेल्वेत कारकून होता. त्या छोट्याशा निबंधात तो येतो तो बाईच्या संशयाचं निमित्त म्हणून, कारण ठळकपणे दिसलेलं पहिलं लक्षण नवऱ्याविषयीचा मत्सर हे होतं. आपली बायको आपल्यावर का उखडते हे न कळता त्या गृहस्थानं किती रात्री काढल्या असतील! रोगाचं बारसं झालं आणि सांभाळणारा बाहेरच राहिला.

आपल्याकडे काय होतं? १९१२ च्या इंग्रजी अमलातल्या कायद्यानं सगळा भर दाखल करण्यावर ठेवला. नातेवाइकानं अर्ज करायचा, मॅजिस्ट्रेटनं हुकूम काढायचा. फाटकाशी घरच्यांचं काम संपलं, अशी एकूण समजूत.

ही समजूत मोडली ती अमृतसरला, आणि मोडली ती अडचणीपोटी. १९५० साली लाहोरच्या इस्पितळातले हिंदू आणि शीख रुग्ण सीमेपलीकडून आणले गेले. मंटोच्या 'टोबा टेक सिंग' कथेमागचा इतिहास तो हाच. त्या दशकात तिथल्या सरकारी मनोरुग्णालयाची सूत्रं डॉ. विद्यासागर यांच्याकडे होती. रुग्ण फार, सेवक थोडे. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि घरच्यांना सांगितलं की, तुम्ही इथंच राहा, आपल्या माणसाबरोबर. ते या नातेवाइकांशी बसून बोलत, आजार समजावून सांगत. बरा होणारा माणूस घरी न्यायला घरचे मग घाबरेनासे झाले. पुढे वेल्लोरला आणि बंगळुरूच्या निम्हान्समध्येही कुटुंबासह राहण्याची सोय झाली.

या प्रयोगाचं कौतुक सगळे करतात, आम्हीही करतो. पण एक शंका नोंदवून ठेवतो. तंबूतला नातेवाईक हा विद्यार्थीही होता आणि बिनपगारी सेवकही. यातला पहिला भाग आपण विसरलो, दुसरा नेमका लक्षात ठेवला. आजही कुठल्याही इस्पितळात "पेशंटजवळ एक माणूस लागेल" असं बजावतात. त्या माणसाला काय शिकवायचं, तो झोपणार कुठं, हे कोणी बोलत नाही. आणि तो 'माणूस' बहुतेक वेळा बाई असते.

आता थोडं स्वतःचं. वर्षानुवर्षं आम्ही वर्गात लॉक शिकवला. व्यक्ती तीच आहे हे स्मृतीच्या धाग्यावरून ठरतं, हा त्याचा विचार १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत आला वगैरे सगळं पाठ होतं. त्याच काळात घरी आमच्या आईचा धागा तुटत चालला होता. ती सुनेला 'अक्का' म्हणू लागली. अक्का तिची थोरली बहीण, जाऊन चाळीस वर्षं झालेली. आम्ही दर वेळी दुरुस्ती करायचो, "आई, ही तुझी सून." दर वेळी तिला अक्का गेल्याचं नव्यानं कळायचं आणि ती रडायची. मग रात्रभर जागरण, तेही सुनेलाच. एके रात्री आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "तुमचं खरं असू दे. मला झोपू दे." दुसऱ्या दिवसापासून त्या 'अक्का' या हाकेला ओ देऊ लागल्या. आई निवांत झाली. एवढं साधं शहाणपण आम्हाला डॉक्टरेट घेऊनही सुचलं नाही. आम्ही तोवर त्याला म्हातारचळच म्हणत होतो. 'स्मृतिभ्रंश' शब्द गीतेतला, दुसऱ्या अध्यायातला, पण तिथं तो क्रोधाच्या ओघात येतो. आमच्या घरात स्मृतिभ्रंश आईला होता आणि क्रोध आम्हाला.

हे शहाणपण शिकवता येतं का? गोव्यात हे करून पाहिलं गेलं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८१ कुटुंबं होती. साधारण निम्म्या घरी सहा महिने, निदान पंधरवड्याला एकदा, स्थानिक कार्यकर्ते जात. हे डॉक्टर नव्हते, नर्सही नव्हत्या, थोडं प्रशिक्षण घेतलेली शिकलेली माणसं. आजार समजावायचा, चिडचिड कशी हाताळायची ते सांगायचं, सरकारी योजनेची माहिती द्यायची, गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचं. सांभाळणाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यात स्पष्ट सुधारणा दिसली. रुग्णांमध्ये म्हणावा तसा फरक सिद्ध झाला नाही. कोणी याला अर्धं यश म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. १९०१ पासून ज्याच्याकडे पाहिलंच नव्हतं त्याच्याकडे इथं पाहिलं गेलं, मोजलं गेलं.

कायदाही हळूहळू येतोय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजीवाहकाची व्याख्या आहे. त्यात आई-वडील, घरचे, पगारी, बिनपगारी सगळे धरले आहेत. काळजीवाहक भत्त्याचा उल्लेखही आहे. हातात किती जणांच्या पडतो, हे तुम्हीच आपापल्या जिल्ह्यात विचारून पाहा. आम्हाला मात्र 'काळजीवाहक' हा शब्द रुचत नाही, हमाली केल्यासारखा वाटतो. पुण्या-ठाण्याकडच्या स्वमदत गटांनी 'शुभार्थी' आणि 'शुभंकर' हे शब्द रुळवलेत, ते बरे.

आई गेल्यावर आम्ही घरात विचारलं होतं, तेव्हा तुम्हाला नक्की काय हवं होतं? आम्हाला वाटलं पैसे, बाई, औषध. उत्तर आलं, "आठवड्यातून एक दुपार. आणि कोणीतरी विचारायला हवं होतं, तेव्हा."

प्रश्न विचारणाऱ्या बाई आज सभागृहात दिसत नाहीत. संयोजकांकडे त्यांचा नंबर असेल तर हे ध्वनिमुद्रण त्यांना पाठवा. आणि त्यांच्या भागातलं कोणी इथं असेल तर थांबा, व्याख्यानानंतर बोलू.