तरंगते देऊळ : स्कॉटलंडातील एका मंडळीची कहाणी



स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर स्ट्रॉन्शियन नावाचे एक खेडे आहे. तेथील शिशाच्या खाणीत सापडलेल्या खनिजावरून स्ट्रॉन्शियम ह्या मूलद्रव्याला नाव मिळाले, एवढ्यापुरते ते शाळेच्या पुस्तकात आले. परंतु १८४६ साली ह्याच खेड्यातील गरीब लोकांनी, जमीन मिळेना म्हणून, आपले देऊळ खाडीच्या पाण्यावर तरंगते उभे केले, ही हकिकत त्या पुस्तकात नसते. ती आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

हे लोक प्रेस्बिटेरियन पंथाचे. प्रेस्बिटर ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ वडील. आपले मराठी ख्रिस्ती बांधवही मंडळीच्या अशा पुढाऱ्यांना ‘वडील’ च म्हणतात. ह्या पंथात बिशप नाही. पाळक सारे सारख्या दर्जाचे, आणि प्रत्येक मंडळीचा कारभार पाळक व वडील मिळून पाहतात. अनेक मंडळ्यांची एक प्रेस्बिटरी आणि सर्वांच्या वर दरवर्षी भरणारी जनरल असेंब्ली. गिरणी कमिट्यांत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही रचना परकी वाटत नाही.

त्यांच्या श्रद्धाही तशाच बांधेसूद. बायबल हे अंतिम प्रमाण. मंडळीचा मस्तक ख्रिस्त, राजा नव्हे. रविवार पूर्ण विश्रांतीचा. देवळात मूर्ती नाही, चित्र नाही, त्या काळी वाद्यही नव्हते. डोंगराळ मुलखात स्तोत्रे गेलिक भाषेत म्हणत. एकाने ओळ सांगावयाची आणि साऱ्या मंडळीने ती उचलावयाची. आपल्या भजनात टाळकरी उचलतात, काहीशी तशीच.

मग भांडण कशावरून झाले? भांडण श्रद्धेवरून नव्हते. वेस्टमिन्स्टरचा विश्वासजाहीरनामा दोन्ही पक्षांना सारखाच मान्य होता. प्रश्न एवढाच होता की, पाळक कोणी नेमावयाचा? १७१२ च्या कायद्याने हा हक्क बहुतेक ठिकाणी जमीनदाराच्या हाती दिला होता. १८३४ साली असेंब्लीने ठरविले की, कुटुंबप्रमुखांच्या बहुमताचा विरोध असेल तेथे असा पाळक लादू नये. त्याच वर्षी ऑक्टरार्डर गावी कसोटी लागली. ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी नेमलेल्या माणसाला नकार दिला. त्याच्या बाजूने सही करणारे गावकरी अवघे दोन. प्रकरण न्यायालयात गेले, आणि १८३९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला तो जमीनदाराच्या बाजूने.

१८ मे १८४३ रोजी एडिंबरो येथे असेंब्ली भरली असता मावळते अध्यक्ष डेव्हिड वेल्श ह्यांनी निषेधपत्र वाचले आणि ते सभागृहाबाहेर पडले. त्यांच्यामागून शेकडो पाळक निघाले. एकंदर ४७४ पाळकांनी राजीनामे दिले. पगार गेला, राहते घर गेले, देऊळही गेले. ह्या नव्या ‘फ्री चर्च’ चे पहिले अध्यक्ष टॉमस चामर्स ह्यांनी पोटाची व्यवस्था आधीच योजून ठेवली होती. घरटी आठवड्याला एक पेनी जरी जमली तरी निधी उभा राहील, असा त्यांचा हिशेब. पैसा एका ठिकाणी गोळा व्हावयाचा आणि पाळकांत समान वाटला जावयाचा. म्हणजे श्रीमंत मंडळीने गरीब मंडळीचा भार उचलावयाचा. वर्गणीच्या पुस्तकाशी ज्याचा जन्मभर संबंध आला त्याला ह्या एका पेनीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

आता पुन्हा स्ट्रॉन्शियनकडे वळू. त्या मुलखाचे मालक सर जेम्स रिडेल. त्यांनी नव्या मंडळीला देवळासाठी जागा नाकारली. लोक उघड्या माळावर, पावसापाण्यात उपासना करू लागले. वॉनलॉकहेडच्या शिशाच्या खाणकामगारांवर ड्यूक ऑफ बक्लूने हीच पाळी आणली होती. परंतु जमीन मालकाची असली तरी पाणी त्याचे नव्हते! सुमारे १४०० पौंड जमवून मंडळीने क्लाइड नदीकाठच्या जहाजकारखान्यात लोखंडी देऊळ बांधून घेतले आणि ते सुनार्ट खाडीत नांगरले. सातशेच्या वर माणसे त्यात बसत. शंभर माणसे चढली की ते एक इंच खाली जाई, असे सांगतात. म्हणजे मंडळी किती जमली हे किनाऱ्यावरूनच कळावे! १८४७ साली जागा नाकारण्याच्या ह्या प्रकारांची चौकशी पार्लमेंटच्या समितीने केली. पुढे वादळात ते देऊळ किनाऱ्याला लागले, तरी उपासना तेथेच चालू राहिली. अखेर जागाही मिळाली. जमीनदारांचा नेमणुकीचा हक्क १८७४ साली रद्द झाला.

ह्या लाटेचा एक तरंग आपल्या मुंबईलाही लागला. १८२९ पासून येथे काम करणारे जॉन विल्सन आपल्या सहकाऱ्यांसह १८४३ साली फ्री चर्चमध्ये गेले आणि शाळेची इमारत जुन्या पक्षाकडे सोडून त्यांनी नव्याने आरंभ केला. गिरगावच्या विल्सन कॉलेजला त्यांचेच नाव आहे.

एवढ्यावर थांबलो तर मी अर्धाच इतिहास सांगितला असे होईल. १८४४ साली फ्री चर्चने अमेरिकेतून देणग्या आणल्या. त्यांपैकी सुमारे ३००० पौंड गुलामगिरीच्या मुलखातून, गुलामांच्या मालकांकडूनही, आले होते. १८४६ साली, म्हणजे तरंगते देऊळ नांगरले गेले त्याच वर्षी, गुलामगिरीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस स्कॉटलंडभर सभा घेऊन ‘तो पैसा परत पाठवा’ अशी मागणी करीत होते. पैसा परत गेला नाही. मालकाने आपला पाळक नेमू नये म्हणून ज्यांनी घरदार सोडले, त्यांच्याच पुढाऱ्यांना माणसाची मालकी सांगणाऱ्याचा पैसा चालला.

स्ट्रॉन्शियनच्या मंडळीचे मोठेपण ह्याने पुसले जात नाही. मंडळी म्हणजे भिंती नव्हेत, आपला माणूस आपण निवडण्याचा हक्क आणि त्यासाठी पदरमोड करण्याची तयारी, हे तिने दाखवून दिले. परंतु हक्कासाठी झगडणाऱ्या प्रत्येक संघटनेने, आमच्या कामगार संघटनेनेसुद्धा, ह्या इतिहासाची दोन्ही पाने वाचावीत. आपली वर्गणी कोण भरतो आणि ती कोणाच्या घामाची असते, हा प्रश्न प्रत्येक वर्षीच्या हिशेबाबरोबर विचारला गेला पाहिजे.