गोंड्याचें सूत

पोळ्याला बैलाच्या शिंगांवर डोलणारा गोंडा आपण सर्वांनीं पाहिला आहे. त्याच्या सुताची हकीकत आज थोडक्यांत सांगावयाची आहे.

कृति अगदीं साधी. सूत घरांतल्या पाटाभोंवतीं गुंडाळावें, एका कडेखालून दोरा ओवून घट्ट गांठ द्यावी, दुसरी कड कातरावी, आणि मानेशीं चार वेढे घालावे. असे गोंडे दाभणानें ओविले कीं दाराचें तोरण झालें. धनगराच्या लोकरीनेंही हेंच साधतें. अशाच धनगर कुळांत, याच जिल्ह्यांतील चौंडी गांवीं, १७२५ सालीं अहिल्याबाई होळकर जन्मल्या; २०२४ पासून जिल्हा त्यांच्याच नांवानें अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो.

पूर्वीं सूत घरीं चरख्यावर निघे, व कांतणाऱ्या स्त्रीस त्याचे चार पैसे मिळत. १८५६ सालीं मुंबईस कावसजी दावर यांची कापसाची गिरणी सुरू झाली. १८७८ सालीं दौंड-मनमाड आगगाडी नगरावरून धांवूं लागली. गिरणीचें स्वस्त सूत नगरच्या मागांवर आलें. विणकर कसाबसा टिकला. कांतणारीचा चरखा मात्र माळ्यावर गेला. तिची मिळकत बुडाली, आणि इतिहासाच्या पुस्तकांत तिचें नांवही आढळत नाहीं.

तिच्या हातची गांठ तेवढी गोंड्यांत राहिली आहे. आज बाजारांत कृत्रिम लोकरीचे तयार गोंडे मिळतात, ते वाईट नव्हेत. परंतु घरांत ही गांठ जाणणारी आजी असेल, तर पोळ्यापूर्वीं एक संध्याकाळ तिच्यापाशीं बसून ती शिकून घ्यावी.