नॉर्वेचे राजे व राजवंश
नॉर्वे : राजे व राजवंश. स्कँडिनेव्हियन द्वीपकल्पाच्या पश्चिम भागातील नॉर्वे या देशाचे राजपद इ. स. नवव्या शतकाच्या अखेरीस उदयास आले. १३८० ते १९०५ या काळात देशाचा राजा जवळजवळ सतत परदेशात राहत होता. तरीही हे राजपद कायद्याच्या दृष्टीने टिकून राहिले. राजपदाचा खरा वारस कोण, हा प्रश्न या देशाच्या इतिहासात वारंवार उद्‌भवला आणि त्याला प्रत्येक काळात निराळे उत्तर मिळाले.

परंपरेप्रमाणे नॉर्वेचा पहिला राजा सुंदरकेशी हॅरल्ड (मृ. सु. ९३२) हा होय. स्टाव्हांगरजवळील हाफ्रसफियोर्डच्या लढाईत त्याने लहानमोठ्या राजांचा पराभव केला. या लढाईचे ८७२ हे साल रूढ असून त्यानुसार १८७२ मध्ये राज्याच्या सहस्राब्दीचे स्मारक उभारण्यात आले. आधुनिक इतिहासकार मात्र ही लढाई काही वर्षे नंतरची मानतात. हॅरल्डविषयीची बरीचशी माहिती आइसलँडचा इतिहासकार स्नोरी स्टुर्लुसोन याच्या हाइम्सक्रिंगला (सु. १२३०) या ग्रंथातून मिळते. हा ग्रंथ हॅरल्डच्या मृत्यूनंतर सु. तीनशे वर्षांनी लिहिला गेला. त्याची सत्ता मुख्यत्वे पश्चिम किनाऱ्यापुरती मर्यादित असावी. पुढील सर्व राजांना त्याचे वंशज ठरविणारी वंशावळही अभ्यासकांना संशयास्पद वाटते. तथापि, हॅरल्डच्या रक्ताचा पुरुष तोच राजा, ही समजूत मध्ययुगात प्रमाण होती आणि तिच्या आधारेच राज्ये मिळविली व गमावली गेली.

दहाव्या शतकात हॅरल्डचे पुत्र-पौत्र, लाद येथील यार्ल (मांडलिक सरदार) आणि डेन्मार्कचे राजे यांच्यात सत्तेसाठी संघर्ष चालू राहिला. ओलाफ ट्रिग्व्हासोन (कार. ९९५–१०००) आणि ओलाफ हॅरल्डसोन (कार. १०१५–२८) या दोघांनी ख्रिस्ती धर्माचा प्रसार बळाने केला. दुसरा ओलाफ १०३० मध्ये स्टिक्लेस्टाडच्या लढाईत आपल्याच प्रजाजनांविरुद्ध लढताना मारला गेला. पुढच्याच वर्षी त्याला संत ठरविण्यात आले. त्याच्या समाधीमुळे निदारोस (विद्यमान ट्राँनहाइम) हे उत्तर यूरोपातील मोठे तीर्थक्षेत्र बनले. जिवंतपणी राज्य गमावलेला हा राजा मृत्यूनंतर राजपदाचा सर्वांत मोठा आधार ठरला. त्याचा सावत्र भाऊ हॅरल्ड हार्डराडा (कार. १०४६–६६) बायझंटिन सम्राटांच्या सेवेत राहून आला होता. तो इंग्लंड जिंकण्याच्या प्रयत्नात स्टँफर्ड ब्रिज येथे मारला गेला.

या राजवंशात ज्येष्ठत्वाला महत्त्व नव्हते. राजाचा कोणताही पुत्र, मग तो औरस असो वा अनौरस, गादीवर सारखाच हक्क सांगू शकत असे; थिंग म्हणजे लोकसभेने त्याला मान्यता दिली की तो राजा होई. त्यामुळे एकाच वेळी दोन-तीन राजे असणे ही सामान्य बाब होती. अनवाणी मॅग्नस (कार. १०९३–११०३) याच्या तीन पुत्रांनी एकत्र राज्य केले. त्यांपैकी सिगुर्ड हा धर्मयुद्धासाठी पॅलेस्टाइनला गेला आणि १११० मध्ये सिडॉन जिंकण्यात त्याने भाग घेतला. भाऊ समजूतदार असत तोपर्यंत ही पद्धत चाले. सिगुर्डच्या हयातीतच हॅरल्ड गिले नावाचा एक तरुण आयर्लंडहून आला व आपण अनवाणी मॅग्नसचा पुत्र असल्याचे सांगू लागला. तापलेल्या नांगराच्या फाळांवरून चालण्याचे दिव्य करून त्याने आपला दावा सिद्ध केला. पानिपतनंतरच्या तोतयाचे प्रकरण ठाऊक असलेल्या मराठी वाचकास यात नवल वाटणार नाही. फरक इतकाच, की येथे दावेदाराला गादी मिळाली. ११३० मध्ये सिगुर्ड मरण पावताच त्याचा पुत्र मॅग्नस व हॅरल्ड हे दोघेही राजे झाले. ११३५ मध्ये हॅरल्डने मॅग्नसचे डोळे काढून त्याला मठात धाडले. पुढच्या वर्षी खुद्द हॅरल्डचा खून झाला; खुनी सिगुर्ड स्लेंबे हाही आपण अनवाणी मॅग्नसचाच पुत्र असल्याचे सांगत होता. येथून सुरू झालेली यादवी १२४० पर्यंत चालली.

हा गोंधळ थांबविण्याचा पहिला प्रयत्न धर्मसत्तेच्या साहाय्याने झाला. सिगुर्डचा दौहित्र मॅग्नस अर्लिंगसोन याला बालवयातच आर्चबिशपने राज्याभिषेक केला. स्कँडिनेव्हियातील हा पहिला राज्याभिषेक होय. याच सुमारास, ११६३ मध्ये, औरस ज्येष्ठ पुत्रास अग्रक्रम देणारा वारसा कायदा झाला. पण खुद्द मॅग्नसचा हक्क मातेकडून आलेला असल्याने विरोधकांनी तो मानला नाही. फेअरो बेटांत वाढलेला व धर्मोपदेशकाचे शिक्षण घेतलेला स्वेर्रे हा दिवंगत राजा सिगुर्ड मुन याचा पुत्र म्हणून पुढे आला. ‘बिर्केबाइनर’ (पायांना भूर्जाची साल गुंडाळणारे) या दरिद्री बंडखोरांचे त्याने नेतृत्व केले. ११८४ मध्ये फिमराइटे येथील नाविक लढाईत मॅग्नस मारला गेला व स्वेर्रे निर्वेध राजा झाला. धर्मसत्तेने त्याला बहिष्कृत केले, तरी त्याने मृत्यूपर्यंत (१२०२) राज्य राखले. त्याचा नातू चौथा हाकोन (कार. १२१७–६३) याच्या जन्माविषयीही शंका घेण्यात आली, तेव्हा त्याची माता इंगा हिने १२१८ मध्ये तप्त लोहाचे दिव्य केले. हाकोनने १२४० मध्ये शेवटचा प्रतिस्पर्धी स्कूले याचा बीमोड केला. त्याच्या कारकीर्दीच्या अखेरीस आइसलँड व ग्रीनलंड नॉर्वेच्या अंमलाखाली आले.

१२६० मध्ये हाकोनने केलेला वारसा कायदा फार महत्त्वाचा आहे. राज्य अविभाज्य असून ते एकाच, औरस ज्येष्ठ पुत्राकडे जावे, असे त्याने ठरविले. हाकोनचा पुत्र विधिकर्ता मॅग्नस (कार. १२६३–८०) याने १२७४ मध्ये सर्व देशाला एकच विधिसंहिता दिली. तोतये व दिव्ये यांचा काळ संपला. परंतु याच कायद्याने पुढे गादी देशाबाहेर नेली. डेन्मार्क व स्वीडनमध्ये राजा निवडला जाई, तर नॉर्वेत तो वारसाहक्काने ठरे. १३१९ मध्ये पाचवा हाकोन निपुत्रिक मरण पावला, तेव्हा त्याच्या कन्येचा तीन वर्षांचा पुत्र मॅग्नस एरिक्सोन आपोआप नॉर्वेचा राजा झाला. त्याच वर्षी स्वीडनमधील सरदारांनीही त्याला निवडून घेतले. त्याचा पुत्र सहावा हाकोन याने डॅनिश राजकन्या मार्गारेट हिच्याशी विवाह केला. त्यांचा पुत्र चौथा ओलाफ हा आधी डेन्मार्कचा व पित्याच्या मृत्यूनंतर (१३८०) नॉर्वेचाही राजा झाला. तो १३८७ मध्ये सतराव्या वर्षी मरण पावला आणि जुना राजवंश संपला. १३४९ च्या प्लेगने निम्म्याहून अधिक लोकसंख्या नष्ट झाली होती. त्यामुळे नॉर्वेतील सरदारवर्ग इतका दुबळा झाला, की स्वतंत्र राजा शोधण्याची ताकद त्याच्यात उरली नाही.

मार्गारेटने घडविलेल्या कालमार संघात (१३९७) व १४५० नंतर ओल्डेनबर्ग घराण्याच्या अमलाखाली नॉर्वे डेन्मार्कशी जोडलेला राहिला. १५३६ मध्ये तिसऱ्या क्रिस्तियानने नॉर्वे यापुढे राज्य न राहता डेन्मार्कचा एक भाग होईल, असे जाहीर केले. प्रत्यक्षात राज्याचे नाव व स्वतंत्र कायदे टिकले. याचे एक कारण वंशहिताचे होते : डेन्मार्कची गादी १६६० पर्यंत निवडणुकीवर अवलंबून असल्याने, नॉर्वेचा वंशपरंपरागत हक्क ओल्डेनबर्ग राजांना हुकमी पानासारखा उपयोगी पडे. चौथ्या क्रिस्तियानने (कार. १५८८–१६४८) आगीत भस्मसात झालेले ऑस्लो १६२४ मध्ये क्रिस्तियानिया या नावाने पुन्हा वसविले. तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडीची डॅनिश वखार (१६२०) याच राजाच्या काळातील आहे.

नेपोलियनच्या पक्षाला असलेल्या डेन्मार्कला १८१४ मधील कीलच्या तहाने नॉर्वे स्वीडनला द्यावा लागला. नॉर्वेजियनांनी तो तह झुगारून आइड्सव्हॉल येथे १७ मे रोजी स्वतःचे संविधान केले व डॅनिश राजपुत्र क्रिस्तियान फ्रेडरिक याला राजा निवडले. स्वीडनच्या आक्रमणामुळे त्याला काही महिन्यांतच पदत्याग करावा लागला. पण संविधान कायम राहिले. पुढील बहुतेक राजे स्वीडनच्या बेर्नादोत घराण्याचे होते.

परदेशांतील स्वतंत्र वकिलातींच्या प्रश्नावरून १९०५ मध्ये संघ तुटला. ७ जून रोजी स्टॉर्टिंगने (संसदेने) असा ठराव केला, की राजाला नवे मंत्रिमंडळ बनविता येत नसल्याने त्याचे राजपद संपुष्टात आले आहे व त्यामुळे संघही विसर्जित झाला आहे. राज्यक्रांतीला इतके शांत कायदेशीर रूप क्वचितच मिळाले असेल. ऑगस्टमधील सार्वमतात संघविच्छेदाच्या बाजूने ३,६८,२०८ व विरुद्ध केवळ १८४ मते पडली. डेन्मार्कचा राजपुत्र कार्ल याला गादी देऊ केली असता, जनतेला राजसत्ता हवी की प्रजासत्ताक याचा आधी कौल घ्यावा, असा आग्रह त्याने धरला. नोव्हेंबरमध्ये २,५९,५६३ विरुद्ध ६९,२६४ मतांनी राजसत्तेला संमती मिळाली. कार्लने सातवा हाकोन हे नाव घेतले व आपल्या बालपुत्राचे नाव ओलाफ ठेवले. क्रमांकांमध्ये मधली सव्वापाचशे वर्षे जणू गणलीच नाहीत.

९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने आक्रमण केले. क्विस्लिंगला पंतप्रधान नेमण्याची जर्मन मागणी मंत्रिमंडळाने मान्य केल्यास आपण पदत्याग करू, असे हाकोनने सांगितले. मंत्रिमंडळाने मागणी फेटाळली. ७ जून रोजी राजा देश सोडून इंग्लंडला गेला व १९४५ मध्ये त्याच तारखेस परतला. त्याच्यानंतर पाचवा ओलाफ (कार. १९५७–९१) व १७ जानेवारी १९९१ रोजी पाचवा हॅरल्ड गादीवर आला. राज्याभिषेकाची घटनात्मक तरतूद १९०८ मध्येच रद्द झाली होती. या दोघांनी निदारोसच्या कॅथीड्रलमध्ये केवळ आशीर्वादविधी केला. १९९० च्या घटनादुरुस्तीने ज्येष्ठ अपत्यास, मग ते कन्या असो वा पुत्र, वारसा देण्यात आला. मात्र आधी जन्मलेला राजपुत्र हाकोन (ज. १९७३) याचा थोरल्या बहिणीपुढील अग्रक्रम राखण्यात आला. नव्या नियमाचा लाभ प्रथम त्याची कन्या इंग्रिड अलेक्झांड्रा (ज. २००४) हिला मिळाला.